विश्लेषण : डिस्नेच्या डोक्यावरचे कायमचे ‘तात्पुरते’ कुंपण! थीम पार्कचे आकाशातून फोटो काढायला खरेच बंदी आहे का?

अमेरिकेत फ्लोरिडातील ऑर्लँडो इथे युनिव्हर्सल कंपनीचे ‘एपिक युनिव्हर्स’ हे थीम पार्क २२ मे २०२५ रोजी खुले झाले. पण पहिल्या दिवशी आत शिरलेल्या कित्येकांना तिथला कोपरान्‌कोपरा आधीच पाठ होता. ऑगस्ट २०१९ मध्ये या पार्कची घोषणा झाली, करोनामुळे काम थांबले आणि २०२१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून कुठे खांब उभा राहिला, कुठल्या रोलर कोस्टरचा रूळ कसा वळला, याची हेलिकॉप्टरमधून टिपलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर सतत येत होती. कंपनी अवाक्षर काढत नसताना चाहते त्या फोटोंवर रेघा मारून ‘इथे हे असणार, तिथे ते असणार’ असे नकाशे बनवत होते. अशी छायाचित्रे टिपणारी, स्वतःचे नाव न सांगणारी काही खाती आज लाखोंच्या फीडमध्ये असतात.

या छायाचित्रांमध्ये एक फरक मात्र सहज लक्षात येत नाही. तेच हेलिकॉप्टर, तोच कॅमेरा घेऊन छायाचित्रकार शेजारच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डकडे वळला की त्याला वर चढावे लागते. युनिव्हर्सलच्या आकाशात आणि डिस्नेच्या आकाशात कायद्याने फरक केलेला आहे, आणि तो गेली वीसहून अधिक वर्षे टिकून आहे.

बंदी नेमकी कशावर?

पहिला गैरसमज इथेच दूर करायला हवा. डिस्नेच्या पार्कचा आकाशातून फोटो काढण्यावर बंदी नाही. बंदी आहे ती उडण्यावर. फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्ड आणि कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइमचे डिस्नेलँड या दोन ठिकाणांभोवती तीन सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर त्रिज्येचे एकेक वर्तुळ आखलेले आहे. त्या वर्तुळात जमिनीपासून तीन हजार फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ९१४ मीटरपर्यंत परवानगीशिवाय कोणतेही विमान, हेलिकॉप्टर किंवा ड्रोन उडवता येत नाही. पोलीस, लष्कर, हवाई रुग्णवाहिका आणि हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या संमतीने जाणारी विमाने यांना सूट आहे. बाकीच्यांना दिवसरात्र, बारा महिने मज्जाव.

एकेका वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ९७ चौरस किलोमीटर भरते. फ्लोरिडात डिस्नेचीच जमीन अफाट असल्याने तिथे ते फारसे टोचत नाही. अ‍ॅनाहाइमची गोष्ट वेगळी. डिस्नेलँड भर शहरात आहे. त्यामुळे ज्यांचा मिकी माऊसशी काडीचा संबंध नाही, अशांची घरे, हॉटेले आणि मैदानेही त्या वर्तुळात येतात. तिथल्या एखाद्या मुलाने स्वतःच्या परसात खेळण्यातला ड्रोन उडवला तरी नियमभंग होतो.

तीन हजार एक फुटावर मात्र आकाश मोकळे. तिथून लांब पल्ल्याच्या लेन्सने हवे तेवढे फोटो काढा, ते विका, समाजमाध्यमांवर टाका. या नियमात त्याला कुठलीही आडकाठी नाही. डिस्नेची जी हवाई छायाचित्रे आपण पाहतो ती अशीच काढलेली असतात.

हे वर्तुळ नसते तर काय झाले असते? अमेरिकी नियमांनुसार दाट वस्तीवर विमानाने जवळपासच्या सर्वांत उंच वास्तूपेक्षा किमान एक हजार फूट वर राहायचे असते. हेलिकॉप्टरला काही अटींवर त्याहून खाली येता येते. म्हणजे विमानातल्या छायाचित्रकाराला एक हजाराऐवजी तीन हजार फुटांवर जावे लागते, एवढेच. ड्रोनचे तसे नाही. ड्रोनला एरवी चारशे फुटांपर्यंतच उडायची मुभा असते. त्याला वर चढून कुंपण ओलांडण्याचा मार्गच नाही. त्यामुळे या नियमाचा परिणाम विचित्र झाला आहे. ज्याच्या खिशात तासाला शेकडो डॉलर मोजून हेलिकॉप्टर भाड्याने घेण्याची ऐपत आहे, त्याला डिस्ने आकाशातून दिसते. काही शे डॉलरचा ड्रोन घेऊन आलेल्याला दिसत नाही.

कुंपण आले कुठून?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेच्या संघीय हवाई वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, गर्दीच्या ठिकाणांवरून उडण्यावर निर्बंध आणले. वैमानिकांसाठी काढल्या जाणाऱ्या सूचनांना ‘नॉटॅम’ म्हणतात. त्यातूनच हे निर्बंध जाहीर झाले. तीस हजार किंवा त्याहून अधिक आसनांच्या क्रीडांगणांवर मोठे सामने सुरू असताना आजही तेच तीन मैल आणि तीन हजार फुटांचे माप लागू असते. पण सामना सुरू होण्यापूर्वी एक तास ते संपल्यानंतर एक तास, एवढ्यापुरतेच. गर्दी पांगली की आकाश खुले.

डिस्नेच्या बाबतीत असे झाले नाही. २००३ मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, अमेरिकी काँग्रेसने सरकारी खर्चाचे एक अवाढव्य विधेयक मंजूर केले. त्यात क्रीडांगणे आणि थीम पार्कवरील हवाई निर्बंधांची तरतूद घालण्यात आली, आणि २००४ मधील तशाच खर्चाच्या कायद्याने ती पक्की झाली. अशा विधेयकांची पाने हजारांत असतात आणि ती वाचून मत देणारे किती, हा प्रश्न कुठल्याही देशाच्या संसदेला विचारता येईल. डिस्नेने या तरतुदीसाठी पडद्यामागे प्रयत्न केल्याच्या बातम्या त्याच वर्षी अमेरिकी वृत्तपत्रांत छापून आल्या. पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठीच हे हवे होते, असे कंपनीचे म्हणणे.

ते अगदीच पोकळ नाही. एका दिवसात लाखाच्या घरात माणसे जमतात, लहान मुले जास्त, आणि अमेरिकेची ओळख म्हणून जगात मिरवणारे प्रतीक. २००१ नंतरच्या भीतीच्या वातावरणात अशा ठिकाणाची काळजी वाटणे स्वाभाविक होते. पण मग त्याच ऑर्लँडोतल्या युनिव्हर्सल आणि सी वर्ल्ड या पार्कांना असे कायमचे वर्तुळ का मिळाले नाही? तिथली मुले कमी मोलाची होती काय? शिवाय तीन सागरी मैल म्हणजे छोट्या विमानाला दोन मिनिटांचे अंतर. ज्याला घातपातच करायचा आहे, तो नकाशावरची रेघ पाहून मागे फिरेल, अशी अपेक्षा कुणी करत नाही. लहान विमानांच्या मालक आणि वैमानिकांच्या संघटनेने सुरुवातीपासून हेच मुद्दे मांडून विरोध केला.

सर्वाधिक फटका बसला तो शेपटाला लांबलचक बॅनर बांधून उडणाऱ्या छोट्या विमानांना. अमेरिकेत समुद्रकिनाऱ्यांवर, सामन्यांच्या वेळी अशी विमाने जाहिराती आणि कधी कधी राजकीय, धार्मिक घोषणाही ओढत फिरतात. तीन हजार फुटांवरचा बॅनर खालून वाचता येत नाही. डिस्नेच्या गर्दीला दुसऱ्या कुणी जाहिरात दाखवू नये, आणि कंपनीच्या धोरणांवर टीका करणारे फलक किल्ल्यावरून फिरू नयेत, हा या नियमाचा व्यावहारिक परिणाम झाला. हेतूही तोच होता, असा टीकाकारांचा आरोप आहे. हेतू सिद्ध करणे अवघड असते; परिणाम डोळ्यांनी दिसतो.

गंमत म्हणजे या सूचनेला आजही ‘तात्पुरता उड्डाण निर्बंध’ म्हटले जाते. २००३ मध्ये जन्मलेली मुले आता पदवीधर होऊन नोकरीला लागली आहेत.

वॉल्ट डिस्ने स्वतः विमानातून काय पाहत होते?

या प्रकरणाला एक जुनी किनार आहे. फ्लोरिडातली जागा वॉल्ट डिस्ने यांनी हेरली ती विमानातूनच. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांनी ऑर्लँडोच्या परिसरावरून उड्डाण केले, खालची दलदल, तळी आणि एकमेकांना छेदणारे महामार्ग पाहिले आणि जागा नक्की केली. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. पुढे बनावट नावांच्या कंपन्यांमार्फत डिस्नेने गुपचूप सुमारे सत्तावीस हजार एकर जमीन विकत घेतली. खरेदीदार कोण, हे १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये स्थानिक वृत्तपत्राने उघड केले. दुसऱ्याच्या जमिनीकडे आकाशातून पाहणे किती कामाचे असते, हे या कंपनीइतके कुणाला ठाऊक असणार?

एके काळी डिस्नेच हवाई नियमांपुढे वाकत असे. अमेरिकेत दोनशे फुटांपेक्षा उंच वास्तूवर विमानांना इशारा देणारे दिवे लावावे लागतात. परीकथेतल्या किल्ल्यावर लाल दिवा लुकलुकायला नको म्हणून सिंड्रेलाचा किल्ला १८९ फुटांवर थांबवला गेला. ‘टॉवर ऑफ टेरर’ १९९ फुटांचा आहे आणि ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ हा डोंगरही दोनशेच्या आतच राहिला.

आकाश कुणाचे असते?

जमीन ज्याची, त्याचेच वरचे आकाश, अशी एक जुनी समजूत कायद्यात होती. ती मोडीत काढली कोंबड्यांनी. दुसऱ्या महायुद्धात नॉर्थ कॅरोलिनातल्या एका शेतकऱ्याच्या घरावरून लष्करी विमाने जेमतेम ८३ फुटांवरून जात. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. तब्बल दीडशे कोंबड्या गेल्या आणि धंदा बुडाला. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला भरपाईचा हक्क दिला, पण त्याच निकालात सांगितले की आकाशापर्यंतची मालकी ही कल्पना विमानांच्या युगात चालणार नाही. मालक जेवढी जागा खरोखर वापरू शकतो, तेवढीच त्याची. त्यावरचे आकाश सार्वजनिक रस्त्यासारखे.

मग या रस्त्यावरून जाताना खाली डोकावून फोटो काढला तर? इथे दोन निकाल एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत.

मार्च १९६९ मध्ये टेक्ससमधील ब्यूमाँट इथे द्यू पाँ या रसायन कंपनीचा मिथेनॉलचा कारखाना बांधला जात होता. छप्पर अजून पडायचे होते. एका विमानातून दोन छायाचित्रकारांनी त्याचे सोळा फोटो काढले. कुणासाठी, ते त्यांनी सांगितले नाही. कंपनीने दावा ठोकला. बचाव असा, की आम्ही सार्वजनिक आकाशातून उडालो, एकही विमान नियम मोडला नाही. १९७० मध्ये अपील न्यायालयाने हा बचाव फेटाळला. बांधकाम सुरू असताना गुपित झाकण्यासाठी अख्ख्या कारखान्यावर छत घाला, असे सांगणे अवास्तव आहे. उड्डाण कायदेशीर असले तरी व्यापारी गुपित मिळवण्याचा हा मार्ग गैरच, असे न्यायालयाने ठरवले.

१९८६ चा निकाल उलट दिशेचा. डाऊ केमिकलने आपल्या मिशिगनमधल्या कारखान्याची पुन्हा पाहणी करू देण्यास नकार दिला, तेव्हा पर्यावरण संरक्षण विभागाने विमान भाड्याने घेऊन बारा हजार, तीन हजार आणि बाराशे फुटांवरून फोटो काढले. वॉरंट नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे चालते, असे म्हटले.

थीम पार्कचे फोटो यात कुठे बसतात? रोलर कोस्टरचा रूळ कसा वळतो, हे पार्क उघडल्यावर तिकीट काढून कुणीही पाहू शकतो. ते आधी कळल्याने चाहत्यांची उत्सुकता वाढते आणि कंपनीचे फार बिघडत नाही; उलट फुकटची जाहिरात होते. पण भिंती चढण्याआधी एखाद्या राइडच्या आतली यंत्रणा टिपून ती प्रतिस्पर्ध्याला विकली, तर गोष्ट द्यू पाँच्या प्रकरणाकडे झुकेल. फोटो चाहत्यांसाठी टाकला की स्पर्धकाला विकला, यावर बरेच अवलंबून राहील. आणि त्या निकालासाठी हवेत वर्तुळ आखायची गरज लागली नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

मालकाला मुभा, इतरांना मज्जाव

काँग्रेसच्या तरतुदीत सुटीच्या परवानग्यांचे निकष दिले आहेत. त्यात त्या ठिकाणाच्या स्वतःच्या कामकाजासाठी होणाऱ्या उड्डाणांना जागा आहे. याचा अर्थ ड्रोन आल्यावर स्पष्ट झाला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये डिस्नेने इंटेल कंपनीच्या साथीने, एफएएच्या परवानगीने, आपल्या ‘डिस्ने स्प्रिंग्ज’ या बाजारपेठेच्या तळ्यावर तीनशे ड्रोनचा नाताळचा खेळ सादर केला. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथेच आठशे ड्रोन उडाले. ज्या आकाशात बाहेरचा एक ड्रोन हा सुरक्षेला धोका, तिथे घरचे आठशे ड्रोन हे करमणुकीचे साधन.

यात ढोंगच आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तळ्यावर, प्रेक्षकांपासून अंतर राखून, तपासलेल्या यंत्रणेने केलेला खेळ आणि गर्दीवर अनोळखी माणसाने सोडलेला ड्रोन यांत फरक आहेच. तरीही धोका कुणालाच चुकत नाही. २१ डिसेंबर २०२४ रोजी ऑर्लँडो शहरातल्याच लेक इओला उद्यानात, म्हणजे डिस्नेच्या वर्तुळाबाहेर, नाताळच्या ड्रोन खेळात काही ड्रोन भरकटून एकमेकांवर आदळले आणि खाली कोसळले. त्यात सात वर्षांचा एक मुलगा गंभीर जखमी झाला. ड्रोनविषयीची काळजी खरी आहे, ती या घटनेने दाखवली. प्रश्न एवढाच, की ती काळजी एकाच कंपनीच्या नावाने कायद्यात का लिहिली जावी.

फ्लोरिडाच्या राजकारणातही याचा एक वेगळा पैलू दिसला. १९६७ पासून डिस्नेला आपल्या जमिनीवर जवळजवळ स्वतःची नगरपालिका चालवण्याचा अधिकार होता. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांच्याशी वाजल्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्याने तो काढून आपले नियुक्त मंडळ बसवले. आकाशाला मात्र राज्य सरकार हात लावू शकले नाही, कारण अमेरिकेत आकाश संघराज्याच्या अखत्यारीत येते.

आता इतर पार्कांनाही हवे

२०१६ च्या एका हवाई कायद्यातील २२०९ व्या कलमाने एफएएला सांगितले होते, की तेलशुद्धीकरण कारखाने, रसायन प्रकल्प अशा ठिकाणांना आपल्यावरून ड्रोन उडू नयेत म्हणून अर्ज करण्याची पद्धत तयार करा. त्या यादीत करमणुकीची पार्केही स्पष्टपणे लिहिलेली आहेत. मुदत होती १८० दिवसांची. ती उलटून वर्षे लोटली. जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून या कलमाखालचे नियम लवकर आणायला सांगितले.

हा मार्ग डिस्नेच्या वर्तुळापेक्षा बरा वाटतो. कारण त्यात अर्ज, निकष आणि निर्णय असेल, आणि बंधन ड्रोनपुरते राहील. पण देशभरातल्या प्रत्येक पार्कने अर्ज केला तर ड्रोनच्या नकाशावर लाल ठिपक्यांची गर्दी होईल. निर्बंध सुरक्षेसाठी की नको त्या नजरा टाळण्यासाठी, हे प्रत्येक अर्जाच्या वेळी तपासणार कोण, याचे उत्तर नियमांच्या मजकुरातच द्यावे लागेल.

भारतात काय आहे?

भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग आहेत आणि ते ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात पाहता येतात. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. लालमध्ये केंद्राच्या संमतीशिवाय उडता येत नाही. राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग तात्पुरता लाल करू शकतात, पण एका वेळी ९६ तासांपर्यंतच. ‘तात्पुरते’ या शब्दाचा अर्थ इथे निदान तासांत मोजून दिला आहे. अर्थात मुंबई पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर आणि हॉट एअर बलून यांवर महिना-महिनाभराचे मनाई आदेश वेगळ्या कायद्याखाली वेळोवेळी काढत असतात, हे मुंबईकरांना नवे नाही.

अमेरिकेला ड्रोन घेऊन जाणार असाल तर?

मुलांना डिस्ने दाखवायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सामानात आता छोटा ड्रोनही असतो. त्यांच्यासाठी काही गोष्टी महत्त्वाच्या. २५० ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनला छंदासाठी उडवताना नोंदणी लागत नाही, हे खरे. पण डिस्नेच्या वर्तुळातली बंदी वजन पाहत नाही. पार्कबाहेरच्या हॉटेलच्या गच्चीवरून उडवला तरी ती लागू होते. डिस्नेच्या स्वतःच्या नियमांनुसार त्यांच्या आवारातही ड्रोन चालत नाही. २०२४ च्या कायद्याने बेकायदा ड्रोन उड्डाणाचा दंड प्रत्येक उल्लंघनामागे ७५ हजार डॉलरपर्यंत नेला आहे, आणि संरक्षित हवाई क्षेत्रात जाणूनबुजून शिरल्यास एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

पूर्वी डीजेआयचा ड्रोन अशा जागी जागचा हलतच नसे, कारण कंपनीने मनाई क्षेत्रे त्याच्या प्रणालीतच बसवली होती. जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत कंपनीने हे कुलूप काढले आहे. आता पडद्यावर फक्त इशारा दिसतो आणि ड्रोन उडतो. उडण्याआधी ‘बी फोर यू फ्लाय’ या सेवेच्या अ‍ॅपवर जागा तपासायची असते. डिस्नेची दोन्ही वर्तुळे तिथे दिसतात.